कॅन्सर उलटला नाही, म्हणजे आयुष्य वाढलं का?

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे डॉ. राजेंद्र बडवे यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसला भरलेल्या युरोपीय कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत एक अभ्यास मांडला. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं, बस. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच औषध. आपल्याकडे लिग्नोकेन म्हणूनही ओळखतात. देशातल्या ११ रुग्णालयांत मिळून सुमारे १,६०० स्त्रियांवर हा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना इंजेक्शन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. बाकी उपचार दोन्हीकडे सारखे. २०२३ मध्ये अभ्यास छापून आला, त्यातले आकडे असे: पाच वर्षांचा 'डिसीज-फ्री सर्व्हायव्हल' (म्हणजे रोगमुक्त राहून जगणं) इंजेक्शनवाल्या गटात ८६.६ टक्के, दुसऱ्या गटात ८२.६ टक्के.

या एकाच निष्कर्षाचं वर्णन 'धोका २६ टक्क्यांनी घटला' असं करता येतं आणि 'चार टक्क्यांचा फरक पडला' असंही. दोन्ही विधानं खरी आहेत. बातमी वाचणाऱ्याच्या हातात मात्र काहीच लागत नाही. डिसीज-फ्री सर्व्हायव्हल, म्हणजे डॉक्टर ज्याला नुसतं 'डीएफएस' म्हणतात, ती मोजणी नेमकी कशाची हे कळल्याशिवाय यातला कुठलाच आकडा उपयोगाचा नाही. हल्ली कॅन्सरच्या नव्या औषधांच्या बऱ्याच बातम्या याच मोजणीवर उभ्या असतात.

## मोजणी कुठे सुरू, कुठे बंद

डीएफएस सगळ्याच रुग्णांचा मोजत नाहीत. ज्यांचा दिसणारा कॅन्सर काढून झाला आहे किंवा आता लगेच काढायचा आहे, अशांचाच मोजतात. आजार आधीच यकृतात, हाडांत पसरलेला असेल तर 'रोगमुक्त' या स्थितीलाच अर्थ उरत नाही. अशा रुग्णांसाठी वेगळी मोजणी असते: आजार आणखी वाढेपर्यंत किती काळ गेला. ती इथे बाजूला ठेवू.

मोजणी सहसा सुरू होते ती रुग्ण कुठल्या गटात जाणार हे सोडतीने ठरतं त्या दिवशी. आणि ती थांबते दोनपैकी जी घटना आधी घडेल तिला: कॅन्सर उलटला, किंवा माणूस गेला. कॅन्सर शस्त्रक्रियेच्या जागीच परत आला, काखेत आला की फुप्फुसात दिसला, याने फरक पडत नाही. मृत्यूही कुठल्याही कारणाने झालेला धरतात.

इथे पहिला आक्षेप येतो. हार्ट अटॅकने किंवा रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्या बाईचा कॅन्सरच्या हिशेबात काय संबंध? संबंध आहे. मृत्यूचं कारण ठरवताना मतभेद होतात, आणि आपल्याकडच्या मृत्यूच्या दाखल्यावर काय काय लिहिलेलं असतं हे अनेकांनी पाहिलं असेल. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. काही औषधं कॅन्सर रोखतात आणि हृदयाला इजा करतात. हृदयाने गेलेले रुग्ण 'कॅन्सरने गेले नाहीत ना' म्हणून हिशेबातून काढले, तर औषधाने केलेलं नुकसान कागदावरून गायब होईल. म्हणून सगळे मृत्यू धरायचे. दोन्ही गट सोडतीने पडलेले असल्यामुळे अपघाताने जाणारे दोन्हीकडे साधारण सारखेच असतात.

दुसरी, जुनी आणि साधी मोजणी म्हणजे एकूण आयुर्मान: माणूस जिवंत आहे की नाही, एवढंच. हिला डॉक्टर 'ओव्हरऑल सर्व्हायव्हल' म्हणतात. हिच्यात वाद घालायला जागा नाही. डीएफएसमध्ये बरीच आहे.

## शेतात हराळी दिसत नाही, तोवरचे दिवस

ज्याने शेतात हराळी उपटली आहे त्याला हा फरक चटकन कळेल. वावर खणून, मुळ्या वेचून स्वच्छ केलं. वर हिरवं काही दिसत नाही. पण कांड्याचा एखादा तुकडा ढेकळाखाली राहिलाच असेल तर तो आज कोणालाही दिसणार नाही. पाऊस पडला की कोंब येईल. शस्त्रक्रियेनंतर केमो, रेडिएशन, गोळ्या देतात त्या या न दिसणाऱ्या तुकड्यांसाठी. पहिला कोंब दिसेपर्यंत किती दिवस गेले, हा झाला डीएफएस. शेवटी पीक किती हाती आलं, हे झालं आयुर्मान. फवारणी केल्यावर कोंब उशिरा आला तर पीकही जास्त येईल असा अंदाज बांधणं रास्त आहे. पण कोंब आल्यावर लगेच खुरपून काढता येत असेल, तर फवारणी केलेल्या आणि न केलेल्या वावरात पीक सारखंच येऊ शकतं. आणि फवारणीने जमीनच बिघडली तर पीक कमीही येईल. डीएफएसवरचे जवळजवळ सगळे वाद या दोन शक्यतांभोवती फिरतात.

## ८६.६ टक्के हा आकडा येतो कसा

'पाच वर्षांचा डीएफएस ८६.६ टक्के' वाचलं की वाटतं, शंभर बायकांना पाच वर्षं पाहिलं आणि ८६-८७ जणी ठणठणीत निघाल्या. प्रत्यक्षात तसं कधीच नसतं. अभ्यासात कोणी २०१२ साली आलेली असते, कोणी २०२१ मध्ये. शेवटच्या बाईची पाच वर्षं पूर्ण व्हायची असतात. कोणी गाव बदलतं, कोणी फॉलोअपला यायचं थांबवतं. अशांना चुकीच्या बाजूला न ढकलता, जेवढा काळ त्यांची माहिती आहे तेवढाच काळ हिशेबात धरायची एक पद्धत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मांडली. पायऱ्या उतरत जाणारे ते दोन वक्र आलेख कॅन्सरच्या प्रत्येक शोधनिबंधात दिसतात, ते त्यांचेच. म्हणून ८६.६ हा मोजलेला आकडा कमी आणि काळजीपूर्वक काढलेला अंदाज जास्त. आलेखाच्या उजव्या टोकाला फार थोडे रुग्ण उरलेले असतात आणि तिथे दोन-चार घटनांनीही वक्र खाली कोसळतो. त्या टोकावरून छातीठोक निष्कर्ष काढणाऱ्यांपासून सावध राहावं.

आता २६ आणि ४ यांचं भांडण मिटवू. इंजेक्शन न घेतलेल्या शंभर जणींपैकी पाच वर्षांत साधारण १७ जणींचा कॅन्सर उलटला किंवा त्या गेल्या. घेतलेल्यांत साधारण १३. फरक चारचा. पण १७ च्या मानाने चार म्हणजे जवळपास पाव हिस्सा. पूर्ण अभ्यासकाळ धरून नीट गणित केलं की धोक्यांचं गुणोत्तर येतं ०.७४, म्हणजे २६ टक्क्यांची घट. औषध कंपन्यांना मोठा आकडा आवडतो, यात नवल नाही. मला रुग्णाच्या बाजूने चारचा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो थेट सांगतो: पंचवीस जणींना इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांनी एक जास्तीची बाई रोगमुक्त सापडेल. उरलेल्या चोवीस जणींचं जे व्हायचं होतं तेच झालं असतं. त्यातही ०.७४ हा अंदाजच. अभ्यासकांनीच दिलेली मर्यादा ०.५८ ते ०.९५ आहे, म्हणजे खरी घट ४२ टक्के असेल किंवा जेमतेम पाचही असेल.

या अभ्यासावर एक रास्त टीकाही झाली. दुसऱ्या गटाला खोटं, म्हणजे नुसत्या सलाइनचं इंजेक्शन दिलं नव्हतं. त्यामुळे फायदा लिडोकेनचा, की गाठीभोवती द्रव सोडण्याचा, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने ठाम उभी आहे: आयुर्मानही वाढलं. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ९०.१ विरुद्ध ८६.४ टक्के. म्हणजे कोंबही कमी आणि पीकही जास्त.

## मग सरळ आयुष्यच का मोजत नाहीत?

वेळ लागतो म्हणून. मोठ्या आतड्याचा कॅन्सर शस्त्रक्रियेनंतर उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत उलटतो, मृत्यू मात्र पुढे काही वर्षांनी येतात. २००५ मध्ये डॅनियल सार्जंट आणि सहकाऱ्यांनी १८ अभ्यासांतल्या २०,८९८ रुग्णांची माहिती एकत्र करून दाखवलं की या आजारात तीन वर्षांचा डीएफएस पाहिला की पाच वर्षांचं आयुर्मान बऱ्यापैकी सांगता येतं. उलटलेल्यांपैकी ८० टक्के जणांचा आजार पहिल्या तीन वर्षांतच उलटला होता. म्हणजे औषध चालतं का, हे दोन वर्षं आधी कळतं. ही दोन वर्षं प्रयोगशाळेसाठी छोटी असतील, आज केमोच्या खुर्चीत बसलेल्यासाठी नाहीत.

याच आतड्याच्या कॅन्सरात ऑक्झालिप्लॅटिन हे औषध जुन्या केमोला जोडलं की काय होतं, हे मोझॅक नावाच्या अभ्यासाने २,२४६ रुग्णांवर पाहिलं. २००४ मध्ये तीन वर्षांचा डीएफएस आला ७८.२ विरुद्ध ७२.९ टक्के. त्यावरच औषधाला मान्यता मिळाली. सहा वर्षांनी आयुर्मान पाहिलं तर तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांत ७२.९ विरुद्ध ६८.७ टक्के: फायदा टिकला. दुसऱ्या स्टेजमध्ये ८६.९ विरुद्ध ८६.८. म्हणजे शून्य. या औषधाने हातापायांना मुंग्या येतात आणि काहींच्या वर्षानुवर्षं जात नाहीत. गार पाण्याच्या पेल्याला हात लावला तरी झिणझिण्या येणारे रुग्ण केमोच्या वॉर्डात कोणालाही भेटतील. एकाच औषधाने तिसऱ्या स्टेजला आयुष्य दिलं, दुसऱ्या स्टेजला मुख्यतः मुंग्या. डीएफएसच्या पहिल्या बातमीत हा फरक दिसला नव्हता.

वेळेखेरीज दुसरी अडचण जास्त गुंतागुंतीची आहे. हर-टू प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध घ्या. हेरा या अभ्यासात ५,१०२ स्त्रिया होत्या. २००५ मध्ये पहिला निष्कर्ष आला: दोन वर्षांचा डीएफएस ८५.८ विरुद्ध ७७.४ टक्के. मृत्यूंमधला फरक तेव्हा सिद्ध होण्याइतका नव्हता. आता ज्या स्त्रियांना औषध मिळालं नव्हतं, त्यांना 'आयुर्मानाचा पुरावा येईपर्यंत थांबा' असं सांगायचं? तसं कोणी सांगितलं नाही, आणि योग्यच केलं. त्यांना औषध देऊ केलं आणि ५२ टक्के जणींनी ते घेतलं. परिणाम असा की यापुढे दोन गटांतला मृत्यूंचा फरक आपोआप पुसट होणार, कारण औषध दोन्हीकडे पोचलं. तरीही ११ वर्षांच्या पाठपुराव्यात फरक उरलाच: ७९ विरुद्ध ७३ टक्के जिवंत. औषध इतकं दमदार होतं म्हणून तो दिसला. मध्यम ताकदीचं औषध असतं तर दिसलाही नसता.

## उलटला नाही म्हणजे जास्त जगणार, हे उघड नाही का?

नाही. उदाहरणं हवी तेवढी आहेत.

चीनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या २२२ रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातला बदल होता. शस्त्रक्रियेनंतर निम्म्यांना दोन वर्षं जेफिटिनिबच्या गोळ्या, निम्म्यांना नेहमीची केमो. गोळ्यावाल्यांचा मधला डीएफएस, म्हणजे निम्म्या रुग्णांचा आजार उलटायला किंवा ते जायला लागलेला काळ, २८.७ महिने, केमोवाल्यांचा १८. मोठा फरक. पण शेवटी आयुर्मानाचा हिशेब केला तर दोन गटांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. केमोवाल्यांचा आजार उलटल्यावर त्यांच्यातल्या अनेकांना तशाच गोळ्या मिळाल्या आणि त्या तेव्हाही चालल्या. म्हणजे गोळी आधी घेतली काय, नंतर घेतली काय, तेवढाच काळ मिळाला. आधी घेतली तर मात्र ज्यांचा आजार कधीच उलटणार नव्हता त्यांनीही ती दोन वर्षं घेतली.

स्तनाच्या कॅन्सरात पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी टॅमॉक्सिफेनऐवजी अॅनास्ट्रोझोल द्यावं का, यावरचा अॅटॅक हा अभ्यास ९,३६६ स्त्रियांवर झाला. डीएफएस सुधारला. दहा वर्षांनीही एकूण आयुर्मानात फरक सिद्ध झाला नाही, आणि उपचार चालू असताना हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. इथे मात्र गोष्ट संपत नाही. २०१५ मध्ये अॅनास्ट्रोझोलच्या गटातल्या सगळ्या औषधांच्या अभ्यासांतल्या ३१,९२० स्त्रियांची माहिती एकत्र केली तेव्हा दहा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू १४.२ वरून १२.१ टक्क्यांवर आलेले दिसले. फायदा होता, एका अभ्यासाच्या डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान होता. 'आयुर्मानात फरक सिद्ध झाला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. डीएफएसचे टीकाकारही हे कधी कधी विसरतात.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकं. तंबाखू-मावा खाणाऱ्यांच्या तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या स्टेजला असेल, मानेत गाठ लागत नसेल, तर तोंडातली गाठ काढतानाच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढाव्यात की मानेत आजार दिसेपर्यंत थांबावं? हा वाद जगभर कित्येक वर्षं चालला होता. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या गटाने तो २०१५ मध्ये ५०० रुग्णांच्या निष्कर्षावरून निकालात काढला. तीन वर्षांचा डीएफएस: आधीच मान साफ केलेल्यांत ६९.५ टक्के, थांबलेल्यांत ४५.९. जिवंत असणारे: ८० आणि ६७.५ टक्के.

आता या दोन फरकांकडे बघा. डीएफएसमध्ये तफावत साडेतेवीसची, आयुर्मानात साडेबाराची. मधले अकरा गेले कुठे? थांबलेल्या गटात २५५ पैकी १४६ जणांचा आजार उलटला आणि ७९ जण दगावले. म्हणजे उलटलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मान नंतर शस्त्रक्रिया करून साफ करता आली आणि त्या टप्प्यापर्यंत तरी ते वाचले होते. मानेत उलटलेला आजार आणि यकृतात उलटलेला आजार डीएफएसच्या वहीत एकाच खुणेने नोंदवला जातो. रुग्णाच्या आयुष्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आधीच मान साफ करणं बरोबर, हे सिद्ध झालं ते ८० आणि ६७.५ या जोडीमुळे. नुसतं ६९.५ विरुद्ध ४५.९ आलं असतं तर विरोधक म्हणू शकले असते, 'उलटला की काढू की, त्यात काय!'

## जास्त शोधलं की जास्त सापडतं

मृत्यूची तारीख रुग्णालय कितीदा बोलावतं यावर अवलंबून नसते. कॅन्सर उलटल्याची तारीख असते.

इटलीत १,२४३ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर निम्म्या जणींची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी होई. उरलेल्यांचा त्याशिवाय दर सहा महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि हाडांचा स्कॅनही. औषधोपचारात काही फरक नाही. जास्त तपासण्या झालेल्या गटात आजार लवकर सापडला, म्हणून पाच वर्षांचा 'न उलटलेल्यांचा' आकडा त्यांच्यातच वाईट आला. मृत्यू? दोन्हीकडे जवळपास सारखे. उलटलेला आजार लवकर सापडल्याने कोणाचं आयुष्य वाढलं नाही. आजार अंगात असल्याचं माहीत असण्याचे महिने तेवढे वाढले.

याचा एक अर्थ संशोधकांसाठी: दोन्ही गटांची तपासणी अगदी एकाच वेळापत्रकाने व्हायला हवी, नाहीतर डीएफएसची तुलना फुकट. दुसरा अर्थ घरच्यांसाठी. 'दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करून घेऊ, पैशांचं बघू' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यामागचं प्रेम कळतं. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये काही त्रास नसताना असे स्कॅन करू नयेत, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलेलं आहे. डॉक्टर स्कॅन लिहून देत नाहीत म्हणून ते निष्काळजी ठरत नाहीत.

आणखी एक घोळ. 'घटना' कशाला म्हणायचं? दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर आला तर तो धरायचा का? दुधाच्या नळीतच असलेला, बाहेर न पसरलेला आजार? आतड्यात वेगळाच कॅन्सर झाला तर? प्रत्येक अभ्यास आपापली व्याख्या करत असे. २००७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचे अभ्यासक एकत्र बसले आणि त्यांनी व्याख्या ठरवून दिल्या. म्हणून अलीकडच्या निबंधांत 'इन्व्हेसिव्ह डीएफएस' असं लांबलचक नाव दिसतं. त्यात नळीतला आजार धरत नाहीत, पण दुसऱ्या अवयवात नव्याने झालेला कॅन्सर धरतात. दोन वेगळ्या औषधांच्या दोन वेगळ्या अभ्यासांतले डीएफएसचे टक्के शेजारी ठेवून 'हे औषध भारी' म्हणणं यामुळेही चुकतं.

## पाच वर्षं झाली, आता सुटलो का?

कॅन्सर कुठला, त्यावर आहे. आतड्याच्या कॅन्सरात पाच वर्षं नीट गेली तर निर्धास्त व्हायला बराच आधार आहे. हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर चिवट असतो. ६२,९२३ स्त्रियांच्या माहितीवरचं एक मोठं विश्लेषण २०१७ मध्ये आलं. या सगळ्या जणी पाच वर्षं हार्मोनविरोधी गोळ्या घेऊन रोगमुक्त होत्या. तरी पुढच्या पंधरा वर्षांत, गाठ छोटी आणि काखेत काही नाही अशा सर्वांत सौम्य गटातही १३ टक्के जणींचा आजार दूर कुठेतरी उलटला. गाठ मोठी आणि काखेतल्या चार ते नऊ लसिकाग्रंथींत आजार, अशा गटात ४१ टक्के. पाच वर्षांचा डीएफएस या स्त्रियांसाठी अर्ध्या रस्त्यावरचा मैलाचा दगड आहे. डॉक्टर गोळ्या दहा वर्षं चालू ठेवायला सांगतात ते यामुळेच.

## पण न उलटलेले दिवस हीच किंमत नाही का?

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. समजा आयुष्य एक दिवसही वाढलं नाही. तरी कॅन्सर परत आला हे ऐकावं न लागता गेलेली तीन वर्षं, मुलीच्या लग्नात केमोचं डोकं न झाकता उभं राहणं, याला काही मोल नाही? आहेच. डीएफएसला निव्वळ 'आयुर्मानाचा बदली खेळाडू' समजणारे हे बघत नाहीत.

पण 'आजाराविना' आणि 'त्रासाविना' यात अंतर आहे. फुप्फुसाच्या ईजीएफआर कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं ओसिमर्टिनिबची रोज एक गोळी देण्याचा अडॉरा हा अभ्यास ६८२ रुग्णांवर झाला. दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांत दोन वर्षांचा डीएफएस ९० विरुद्ध ४४ टक्के. असे आकडे कॅन्सरमध्ये क्वचित दिसतात. २०२३ मध्ये आयुर्मानही आलं: पाच वर्षांनी याच रुग्णांत ८५ विरुद्ध ७३ टक्के जिवंत. फायदा खरा. तरी टीकाकारांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं. नुसती बिनऔषधाची गोळी मिळालेल्या ज्या रुग्णांचा आजार उलटला, त्यांच्यातल्या निम्म्याहून कमी जणांना पुढे ओसिमर्टिनिब मिळालं. सगळ्यांना मिळालं असतं तर ८५ आणि ७३ मधली दरी किती उरली असती? भारतासारख्या देशात हा प्रश्न पुस्तकी नाही. तीन वर्षं महागडी गोळी घ्यायला घर गहाण टाकायचं, की उलटला तर तेव्हा घ्यायची, असा विचार इथे खरोखर होतो.

माझं मत असं की पुरावा किती कडक मागायचा हे उपचाराच्या त्रासावर आणि खर्चावर ठरावं. लिडोकेनचं इंजेक्शन जवळजवळ फुकट, एकदाच, आणि फारसा धोका नसलेलं. त्यासाठी नुसता डीएफएस सुधारला असता तरी मी हरकत घेतली नसती. वर्षभर चालणारं, लाखांचं, अंग पोळून काढणारं औषध असेल तर डीएफएसवर थांबू नये. डॉक्टरांना सरळ विचारावं: याने माणसं जास्त जगली का, की ते अजून कळायचं आहे? आणि उलटला तर हेच औषध तेव्हा घेता येईल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये हे दोन्ही बाजूंनी घडून गेलं आहे. मूत्रपिंड काढल्यावर वर्षभर सुनिटिनिब दिलं तर ६१५ रुग्णांच्या एस-ट्रॅक अभ्यासात मधला डीएफएस ५.६ वर्षांवरून ६.८ वर्षांवर गेला. आयुर्मान वाढल्याचं दिसलं नाही, आणि गंभीर दुष्परिणाम ६३ टक्के रुग्णांना झाले. बिनऔषधाच्या गटात २२ टक्क्यांना. १,९४३ रुग्णांच्या आणखी एका मोठ्या अभ्यासात तर डीएफएसही सुधारला नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकी औषध नियंत्रकांच्या सल्लागार समितीत मतं सहा विरुद्ध सहा अशी पडली. अमेरिकेने मान्यता दिली, युरोपने नाकारली. मग त्याच आजारात, त्याच टप्प्यावर पेम्ब्रोलिझुमॅब आलं. ९९४ रुग्ण, २०२१ मध्ये डीएफएस सुधारल्याची घोषणा. कागदावर सुनिटिनिबच्या बातमीसारखीच बातमी, आणि पुष्कळ डॉक्टर साशंक. २०२४ मध्ये आयुर्मानाचे आकडे छापून आले: चार वर्षांनी ९१.२ विरुद्ध ८६ टक्के जिवंत. मधल्या तीन वर्षांत ज्या रुग्णांना हे औषध घ्यावं की नाही हे ठरवायचं होतं, त्यांनी ते डीएफएसच्या एका आकड्यावरच ठरवलं.